टीबी की रक्तवाहिन्यांचा दाह? छातीच्या सीटीत काय दिसतं आणि काय दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५२. काही महिन्यांपासून खोकला, वजन उतरलेलं, दोनदा कफातून रक्त पडलं. छातीच्या सीटीत दोन्ही फुप्फुसांत गाठी, त्यातल्या दोन आतून पोकळ. बेडक्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी टीबीची औषधं सुरू झाली. आता दोन महिने होत आले, फरक नाही. त्याआधी वर्षभर नाक चोंदणं, नाकात रक्ताळलेल्या खपल्या, एका कानाने कमी ऐकू येणं हे चालूच होतं. आता दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तवाहिन्यांच्या दाहाची, म्हणजे व्हॅस्क्युलायटिसची शंका घेतली आहे आणि पुन्हा सीटी सांगितला आहे. मुलाचं विचारणं असं: पहिल्या रिपोर्टात ‘रक्तवाहिन्या नॉर्मल’ लिहिलंय, मग हा आजार रक्तवाहिन्यांचा कसा? एकाच सीटीवरून दोन निदानं कशी निघतात? आणि परत परत सीटी केल्याने आईला अपाय होणार नाही ना?

मी रेडिओलॉजिस्ट आहे, छातीचे सीटी वाचणं हेच रोजचं काम. तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते. पण त्याआधी एक गोष्ट, जी सीटीपेक्षा तातडीची आहे.

आईची लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन आज नाहीतर उद्या करून घ्या. नाक, कान आणि फुप्फुसं यांना एकत्र धरणारा जो दाह आहे, तोच मूत्रपिंडातही शिरतो, आणि तिथे तो दुखत नाही. लघवीतून रक्त आणि प्रथिनं जाऊ लागतात, क्रिएटिनिन आठवड्या-आठवड्याला चढतं, आणि घरच्यांना कळतं तेव्हा डायलिसिसची भाषा सुरू झालेली असते. त्यात तुमच्या आईंच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन लघवीला नारिंगी-लालसर रंग आणतं. ‘गोळ्यांनी होतं, घाबरू नका’ असं सुरुवातीलाच सांगितलेलं असतं आणि ते खरंही असतं. त्यामुळे खरोखर रक्त जाऊ लागलं तरी रंगावरून कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. प्रयोगशाळेला ‘लाल पेशी आणि कास्ट (मूत्रपिंडाच्या नळ्यांत तयार होणारे साचे) बघा’ असं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहवून घ्या.

आता सीटीबद्दल.

‘रक्तवाहिन्या नॉर्मल’ हे वाक्य खोटं नाही. ते मोठ्या रक्तवाहिन्यांबद्दल आहे. व्हॅस्क्युलायटिसचे प्रकार वाहिनीच्या आकारावरून पाडले जातात. अमेरिकेतल्या चॅपल हिल इथे १९९४ साली झालेल्या बैठकीत ही मांडणी ठरली, २०१२ मध्ये ती सुधारली, आणि आजही जगभर तीच वापरतात. महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांचा दाह एका गटात, मधल्या धमन्यांचा दुसऱ्या, आणि केशवाहिन्या व त्यांच्या आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांचा तिसऱ्या गटात. तुमच्या आईंच्या बाबतीत ज्याची शंका आहे तो ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, डॉक्टर त्याला जीपीए म्हणतात. २०११ पर्यंत तो वेगनर्स या नावाने ओळखला जायचा, जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून तेच नाव येतं. तो तिसऱ्या गटातला. केशवाहिनीची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असते, आणि चांगल्यातला चांगला सीटी अर्धा मिलिमीटरपर्यंतचं बारकाव्याने दाखवतो. म्हणजे ज्या वाहिन्या सुजल्या आहेत त्या सीटीला दिसणारच नाहीत. दिसतात ते त्या दाहाचे परिणाम: आजूबाजूच्या फुप्फुसात झालेल्या गाठी, गाठीचा मधला भाग मरून झालेली पोकळी, आणि वाहिनी फुटून हवेच्या पिशव्यांत सांडलेलं रक्त.

इथूनच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. गाठ आणि पोकळी ही फुप्फुसाची मोजकी भाषा आहे. टीबी, जीपीए, रक्तातून आलेला जंतुसंसर्ग, बुरशी, पसरलेला कॅन्सर, सगळे त्याच दोन-चार शब्दांत बोलतात. त्यामुळे आम्ही गाठ आहे की नाही एवढ्यावर थांबत नाही. ती कुठे आहे, तिच्या शेजारी काय आहे आणि आधीच्या सीटीत ती कशी होती, यावर खरा भर असतो.

टीबी श्वासनलिकांच्या वाटेने पसरतो. मोठ्या माणसाचा टीबी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात, मागच्या बाजूला, किंवा खालच्या खंडाच्या अगदी वरच्या तुकड्यात घर करतो. तिथे पोकळी झाली की तिच्यातला जंतूंनी भरलेला स्राव श्वासनलिकांत उतरतो आणि बारीक नळ्यांच्या टोकांना ठिपके उमटतात. फांदीला कळ्या फुटाव्यात तसे ते दिसतात म्हणून आम्ही त्याला ट्री-इन-बड म्हणतो. पोकळीच्या आसपास असे ठिपके, छातीच्या मध्यभागी आतून मऊ पडलेल्या लसीका-गाठी, कुठे जुना चुना साठलेला, फुप्फुसाचा वरचा भाग आक्रसलेला, एवढं एकत्र दिसलं की आपल्याकडे टीबी हेच पहिलं नाव घ्यावं आणि ते बरोबर आहे.

जीपीएच्या गाठी वाहिन्यांच्या बाजूने येतात. वर-खाली असा पक्षपात त्यांना नसतो, दोन्ही फुप्फुसांत विखुरलेल्या असतात, संख्येने बहुधा दहाच्या आत. २ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ पोकळ होण्याची शक्यता जास्त. भिंत जाड, आतली कड खडबडीत. कधी गाठीभोवती धुरकट कडं दिसतं, ते सांडलेल्या रक्ताचं. चुना जवळजवळ कधीच नसतो. आणि ज्या गोष्टीसाठी मी स्क्रीनवर सर्वांत जास्त वेळ थांबते ती म्हणजे पोकळीच्या शेजारची जागा. इतकी मोठी पोकळी आणि तिच्या खालच्या नळ्या स्वच्छ, एकही कळी नाही, असं असेल तर टीबीचं निदान मला अडखळतं.

तसंच बेडक्याचं. पोकळी झालेल्या टीबीत जंतू भरपूर असतात, म्हणून सूक्ष्मदर्शकात नाही तर किमान सीबीनॅटमध्ये, म्हणजे जंतूंची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत, ते बहुधा सापडतातच. औषधं सुरू व्हायच्या आधी नीट घेतलेला बेडका सीबीनॅटला दोनदा निगेटिव्ह आला असेल आणि सीटीत ४ सेंटिमीटरची पोकळी असेल, तर हे दोन्ही एकमेकांशी जुळत नाही. तिथे थांबून पुन्हा विचार करायला हवा. आपल्याकडे टीबी इतका आहे की छातीत सावली दिसली की आधी त्याची औषधं देऊन बघायची सवय पडली आहे. मला तिच्यामागची काळजी समजते, पण दोन महिने उलटूनही गाठी तशाच असतील किंवा वाढल्या असतील तर ती सवय रुग्णाला महागात पडते.

याचा अर्थ टीबी नाहीच, असं मी म्हणत नाहीये. औषधांना दाद न देणारा टीबी असू शकतो. मधुमेह असेल तर टीबी खालच्या भागात आणि विचित्र रूपात येतो. आईंना मधुमेह आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही, डॉक्टरांना जरूर सांगा. हृदयाच्या झडपेवर जंतुसंसर्ग झाला असेल तर तिथून सुटलेले तुकडे फुप्फुसाच्या कडेला अशाच पोकळ गाठी करतात, म्हणून तापाचा इतिहास असल्यास इको आणि रक्ताचं कल्चर लागतं. आणि टीबीची औषधं तुमच्या मनाने बंद करू नका. ती कधी थांबवायची हे छातीचे डॉक्टर आणि संधिवाततज्ज्ञ मिळून ठरवतील. मधल्या काळात दोघांनाही एक गोष्ट माहीत असू द्या: रिफाम्पिसिन चालू असताना यकृत प्रेडनिसोलोन फार लवकर संपवून टाकतं, त्यामुळे स्टेरॉइडचा डोस कागदावर पुरेसा दिसतो आणि शरीरात कमी पडतो.

अशा शंकेत एएनसीए ही रक्ततपासणी करतात, शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी. तिच्यातला पीआर३ हा भाग वाढलेला असेल तर पारडं जीपीएकडे बरंच झुकतं. २०२२ साली अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जे निकष काढले त्यात पीआर३ किंवा सी-एएनसीएला (एएनसीएचाच एक प्रकार) ५ गुण आहेत, नाकातल्या रक्ताळ खपल्या किंवा चोंदण्याला ३, आणि छातीच्या चित्रात गाठ किंवा पोकळी असण्याला २. एकूण ५ झाले की रुग्ण या गटात बसतो. बघा, नाकाला छातीपेक्षा जास्त गुण आहेत. तुमच्या आईंच्या नाकाची तक्रार वर्षभर चालू होती, ती या कहाणीतली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. पण हे निकष व्हॅस्क्युलायटिस आहे हे आधी ठरल्यावर त्याचा प्रकार कोणता हे सांगण्यासाठी आहेत. टीबीतही आणि हृदयाच्या झडपेच्या संसर्गातही एएनसीए पॉझिटिव्ह येऊ शकतो, त्यामुळे नुसत्या त्या एका कागदावर उपचार सुरू होत नाहीत.

तुकडा काढायची वेळ आली तर इथे एक बारीक, पण सगळं ठरवणारी गोष्ट सांगते. सीटीखाली सुईने गाठीतला तुकडा काढला की नातेवाइकांच्या हातात एक बाटली देतात, ‘लॅबमध्ये पोचवा’ म्हणून. त्या बाटलीत फॉर्मालिन असतं. फॉर्मालिनमध्ये पेशी टिकतात, जंतू मरतात. त्या तुकड्यावर कल्चर होऊच शकत नाही. आणि सूक्ष्मदर्शकाखाली टीबीतही ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचा गोळा, दिसतो, मधला भाग मेलेला दिसतो, जीपीएतही तेच. मग रिपोर्ट येतो ‘ग्रॅन्युलोमॅटस दाह, टीबीशी सुसंगत’ आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून तुकडा काढण्याआधीच डॉक्टरांना विचारा की दुसरा तुकडा साध्या सलाइनमध्ये, टीबी आणि बुरशीच्या कल्चरसाठी व सीबीनॅटसाठी जाणार आहे ना. दोन बाटल्या, दोन चिठ्ठ्या. आम्ही स्वतः सुई घालतो तेव्हा गाठीच्या मधोमध न जाता पोकळीच्या भिंतीतून तुकडा घेतो, कारण मधे नुसता मेलेला भाग येतो. लघवीत दोष निघाला तर मूत्रपिंडाचा तुकडा अधिक कामाचा ठरतो आणि फुप्फुसाला हात लावायची गरजच पडत नाही. नाकातला तुकडा काढायला सोपा असतो, पण त्यातून ठाम उत्तर पुष्कळदा मिळत नाही.

आणखी एक जागा नेहमी सुटते: स्वरयंत्राच्या लगेच खालची श्वासनलिका. जीपीए तिथे सूज आणून वाट अरुंद करतो. छातीचा सीटी बहुधा खांद्याच्या पातळीपासून सुरू होतो, म्हणजे हा भाग चित्राच्या वर राहतो आणि रिपोर्टात त्याचा उल्लेखच नसतो. आईंचा आवाज बसलाय का, श्वास आत घेताना घरघर येते का, याकडे लक्ष द्या. असेल तर नव्या सीटीच्या वेळी मानेपासून चित्र घ्यायला सांगा.

आता जे दिसलं तर थांबायचं नाही ते. दोन्ही फुप्फुसांत मधल्या भागात पसरलेला धुरकटपणा, कडा आणि टोकं तुलनेने मोकळी, आणि हिमोग्लोबिन दोन-चार दिवसांत २ ग्रॅमने उतरलेलं, हे फुप्फुसात रक्तस्राव झाल्याचं लक्षण आहे. एक्स-रेवर ते न्यूमोनियासारखं दिसतं. लोकांना वाटतं की रक्तस्राव म्हणजे तोंडातून रक्त येणारच. तसं नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत कफात रक्ताचा थेंबही नसतो, ते सगळं हवेच्या पिशव्यांतच राहतं. आईंना अचानक धाप लागली, बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन ९२ च्या खाली दिसला, चेहरा पांढरा पडला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता आयसीयू असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. अशा वेळी सगळे रिपोर्ट हातात नसतानाही उपचार सुरू करावे लागतात आणि ते योग्यच असतं.

मोठ्या वाहिन्यांच्या दाहाबद्दलही थोडं लिहिते, कारण हा प्रश्न वाचणाऱ्यांत कोणाच्या घरी तो असेल, आणि तिथे चित्रं काढण्याची पद्धतच वेगळी आहे. तरुण मुलगी, एका हाताची नाडी लागत नाही, दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठा फरक, ही ताकायासू या मोठ्या धमन्यांच्या दाहाची ओळख. मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रवैद्य, १९०८ मध्ये त्यांनी एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्यांमधले बदल मांडले. आपल्याकडे हा आजार पोटातल्या महाधमनीत आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांतही खूप दिसतो, त्यामुळे विशी-पंचविशीतला वाढलेला रक्तदाब हीच पहिली तक्रार असू शकते. फक्त छातीचा सीटी काढून इथे भागत नाही. मानेपासून मांड्यांच्या मुळापर्यंत वाहिन्या बघाव्या लागतात.

आणि बघायची असते ती वाहिनीची भिंत. वाहिनीची आतली वाट अरुंद झाली आहे हे कळेपर्यंत दाह बराच पुढे गेलेला असतो. कॉन्ट्रास्ट दिल्यावर पहिल्या फेरीत आतलं रक्त चमकतं, भिंत नाही. थोड्या उशिराने काढलेल्या दुसऱ्या फेरीत सुजलेल्या भिंतीची दोन कडी दिसतात, आतलं फिकं आणि बाहेरचं उजळ. ही दुसरी फेरी सांगितली नसेल तर तंत्रज्ञ ती काढत नाही, आणि मग सुरुवातीच्या टप्प्यातली रुग्ण ‘नॉर्मल’ होऊन घरी जाते. युलार या युरोपीय संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत ताकायासूसाठी एमआरआयला पहिली पसंती आहे. ते मला पटतं, कारण रुग्ण तरुण असतात आणि वर्षानुवर्षं चित्रं काढावी लागतात. तपासणी शक्यतो स्टेरॉइड सुरू होण्याआधी किंवा पहिल्या काही दिवसांत व्हावी, विशेषतः पेट स्कॅन, ज्यात दाह असलेली जागा चमकते. नंतर चमक मावळते आणि दाह होता की नव्हता हेच सांगता येत नाही. पेटच्या वेळी साखर आटोक्यात असणं आणि किमान सहा तास उपाशी असणंही तितकंच गरजेचं.

बेहसेट हा वाहिन्यांच्या दाहाचाच आणखी एक आजार. त्यात फुप्फुसाच्या धमनीला फुगे येतात आणि आत गुठळी बसते. रिपोर्टात गुठळी वाचून लगेच रक्त पातळ करायची औषधं दिली, आणि शेजारचा फुगा कोणी पाहिलाच नाही, तर रक्ताच्या उलटीने जीव जाऊ शकतो. तोंडात वारंवार फोड येणारा रुग्ण कफातून रक्त टाकू लागला तर दुर्बीण घालण्याआधी कॉन्ट्रास्टचा सीटी हवा.

परत तुमच्या आईंकडे. त्यांच्या नव्या सीटीचा मुख्य उद्देश गाठींची तुलना हा असेल, तर बारीक कापांचा, बिनकॉन्ट्रास्टचा सीटी बहुतेक वेळा पुरतो. पायाला सूज किंवा अचानक दम असेल तर फुप्फुसाच्या धमनीत गुठळी आहे का हे बघायला कॉन्ट्रास्ट लागेल, कारण या आजारात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणून क्रिएटिनिन आधी हवं. सीटीच्या फॉर्मवर डॉक्टरांनी ‘खोकला’ एवढंच लिहिलं असेल तर त्यांना विनंती करून नाक-कान, लघवी, कोणती औषधं कधीपासून चालू आहेत हे लिहवून घ्या. सायनसची चित्रंही त्याच वेळी काढता येतात. जुन्या सीटीची फिल्म नको, सीडी न्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळे काप असतात, आणि पोकळीची भिंत दोन महिन्यांत जाड झाली की पातळ हे त्या कापांवर मोजूनच सांगता येतं.

किरणांबद्दलची तुमची भीती समजते. छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट, छातीच्या नेहमीच्या सीटीत ६-७ मिलिसिव्हर्ट किरणं लागतात. जमिनीतून आणि आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २-३ मिलिसिव्हर्ट अशीच मिळत असतात. पन्नाशी उलटलेल्या बाईला, जिच्या फुप्फुसात आणि कदाचित मूत्रपिंडात चालू दाह आहे, तिला दोन-तीन जास्तीचे सीटी हा छोटा धोका आहे, आणि चुकीच्या औषधावर घालवलेले महिने हा मोठा. मात्र दर महिन्याला सीटी नको. मधल्या काळात एक्स-रे, लघवी आणि क्रिएटिनिन यांवर लक्ष ठेवता येतं.

उपचार लागू पडले की धुरकटपणा आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतो, गाठी काही आठवडे ते काही महिन्यांत लहान होतात, काही जागी व्रण किंवा पातळ भिंतीची रिकामी पोकळी कायमची राहते. ती राहिली म्हणून आजार शिल्लक आहे असं धरायचं नाही. उलट, उपचार चालू असताना नवी सावली आली तर ती आजार उलटल्याची आहे असंही लगेच ठरवू नका. सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटक्सिमॅब आणि स्टेरॉइड यांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यामुळे न्यूमोसिस्टिस (दुबळ्या प्रतिकारशक्तीत होणारा फुप्फुसाचा संसर्ग), इतर बुरशी किंवा खरोखरचा टीबी तेव्हा येऊ शकतो. न्यूमोसिस्टिसचा धुरकटपणा आणि रक्तस्रावाचा धुरकटपणा चित्रात हुबेहूब सारखे असतात. रक्तस्रावात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवायची असतात, न्यूमोसिस्टिसमध्ये त्या संसर्गावर उपचार करायचा असतो. तेव्हा आईंना न्यूमोसिस्टिस टाळणारं कोट्रायमॉक्साझोल सुरू केलं होतं का, ताप किती दिवस आहे आणि हिमोग्लोबिन उतरलंय का, हे तुम्ही सीटीच्या टेबलापाशी येऊन सांगितलंत तर आमच्या रिपोर्टचा रोख बदलतो.